भरधाव

मध्यरात्री मुसळधार पावसात धर्मशाळेच्या दारावर थाप पडते. दारात अनोळखी घोडेस्वार, बाहीवर रक्ताचा डाग, कमरेला मोहोरबंद लखोटा. एवढं वाचलं की मी त्या पुस्तकाची झाले. तो स्वार कुठल्या देशीचा, त्याचं राज्य नकाशावर सापडतं की नाही, हे मी विचारत नाही. तो लखोटा पहाटेपर्यंत पोचला पाहिजे, बस्स. तलवारींच्या, भुयारांच्या, वेषांतरांच्या आणि शपथांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर माझं लहानपणापासून प्रेम आहे. वय वाढलं की ते ओसरेल अशी घरच्यांची समजूत होती. केस पिकले, प्रेम आहे तिथेच आहे.

रत्नागिरीत असं प्रेम जडायला पाऊस पुरतो. जून लागला की मिरकरवाड्याची मासेमारी बंद, मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाटा फुटायला लागतात, वाडीतल्या वाटा निसरड्या होतात आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. माणूस पडवीत अडकतो. आमच्याकडे अशा संध्याकाळी आत्या कंदिलाशी बसून मोठ्याने वाचायची. ती काही शिकलेली बाई नव्हती, पण तिच्या आवाजाला चढ-उतार असा होता की खलनायक बोलायला लागला की आम्ही पोरं एकमेकांना चिकटायचो. नायक विहिरीत उतरला, वरून कुणी दोर कापला, आणि नेमकी तिथे ती पुस्तक उपडं ठेवून उठायची. "आत्ये, मेला काय गो तो?" "थांब रे, पेज उतू जाईल." ती चुलीपाशी जाऊन येईपर्यंत तो नायक दोराविना, आणि आम्ही श्वासाविना.

पुस्तकं यायची वाचनालयातून. आमच्या गावचं नगर वाचनालय 1828 सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांतलं, याचा मला फार अभिमान आहे. तिथली एक प्रत माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाठीला काळं कापड, पुठ्ठ्याचे कोपरे झिजून मऊ झालेले, पानं चहाच्या रंगाची, आणि पहिल्या प्रकरणाची सुरुवातीची पानं गायब. त्यामुळे ती कादंबरी आमच्यासाठी थेट पाठलागातच सुरू व्हायची. समासात पेन्सिलीने कुणी कुणी लिहून ठेवलेलं: "सावध!", "हा फितूर आहे", आणि एका भयंकर प्रसंगाशी, थरथरत्या अक्षरात, "नको". त्या "नको"वाल्या वाचकाला मी कधी पाहिलं नाही. पण त्याच्याइतकं माझ्या जवळचं माणूस त्या काळात दुसरं नव्हतं.

मराठी कादंबरी जन्मली तीच मुळी या घोड्यावर बसून. बाबा पदमनजींचं 'यमुना पर्यटन' 1857चं, ते सामाजिक. पण मागोमाग 1861 साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढची कितीतरी वर्षं वाचक राजपुत्र, कारस्थानी प्रधान आणि अरण्यातल्या गुहा यांच्यात रमला. 1868 साली 'मंजुघोषा' लिहिताना नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत आपलं कारणही सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीती आणि रोजचं जिणं पाहता त्यात गोष्टीला रंग भरावा असं काही नाही. जसं आहे तसं लिहिलं तर वाचणार कोण? म्हणून अद्भुताकडे जायचं. पुढच्या टीकाकारांनी या पिढीला पळपुटं म्हटलं. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्या घरात मुलीचं लग्न तिला समजण्याआधी उरकलेलं असे, त्या घरात एखादी मंजुघोषा आपल्या मनाने प्रियकर निवडते हे वाचायला मिळणं म्हणजे भिंतीला खिडकी पडणं होतं.

मग गो. ना. दातार आले. इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कथानकांना त्यांनी असं मराठी वळण दिलं की 'कालिकामूर्ति' किंवा 'बंधुद्वेष' वाचताना लंडनचं धुकं कुठे आठवतसुद्धा नाही. आणि आले नाथमाधव.

नाथमाधवांपाशी मला जरा थांबायचं आहे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं नाव, जन्म 1882चा. तरुण वयात सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग लुळं झालं. त्यानंतर त्यांनी लिहायला घेतलं. 'सावळ्या तांडेल' त्यांनी लिहिला, 'वीरधवल' लिहिली, स्वराज्यावरच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि 1928 साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आत्या ज्या 'वीरधवल'चं पान संपताच चटकन बोटाला थुंकी लावायची, ती भरधाव कादंबरी लिहिणाऱ्याला अंथरुणावरून आपणहून उठता येत नव्हतं. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हापासून त्या पुस्तकातला घोडा उधळला की मला त्याच्या टापांबरोबर आणखी काहीतरी ऐकू येतं.

असे लेखक बाहेरही भेटतात. स्टीव्हन्सन जन्माचा छातीचा दुखणेकरी. 1881च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या ब्रेमार गावी पावसाने त्याला घरात कोंडलं, सावत्र मुलाबरोबर तो एका बेटाचा नकाशा रंगवत बसला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' निघालं. कोकणातल्या वाचकाला तो पाऊस वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इटलीचा एमिलिओ साल्गारी तर आपल्या मुलखाबाहेर फारसा पडलाच नाही. तरी त्याने मलायाच्या समुद्रावर सांदोकान नावाचा चाचा उभा केला आणि बंगालच्या सुंदरबनात ठगांशी झुंजणाऱ्या त्रेमाल-नाइकच्या पाठीशी एक इमानी मराठा दिला. त्या मराठ्याचं नाव कम्मामुरी! असं नाव आपल्या कुठल्या वाडीत ऐकू येणार नाही. पण इतक्या दूर टेबलाशी बसलेल्या माणसाला निष्ठावंत सोबती हवा झाला तेव्हा त्याला मराठा सुचला, याने माझा ऊर भरून येतो.

द्वंद्वाचा प्रसंग चांगला उतरला की नाही, याची माझी एक कसोटी आहे. दिवा कुठे ठेवलाय हे मला कळलं पाहिजे. जिना किती अरुंद, नायकाचा कुठला खांदा भिंतीला लागतोय, कोयंडा आतून की बाहेरून, ओल्या फरशीवर पाय कुठे सरकेल. तलवारीचे नुसते खणखणाट कुणीही लिहील. नाथमाधव आणि स्टीव्हन्सन ही अंतरं इतकी अचूक देतात त्याचं कारण, मला वाटतं, त्यांच्या खोलीतच आहे. ज्याला पलंगापासून दारापर्यंतची चार पावलं फुकट मिळत नाहीत, तो पाऊल मोजून लिहितो. पाय धड असलेल्या आपल्याला धावणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते या माणसांना ठाऊक होतं. म्हणून या कादंबऱ्यांना जगापासून पळ काढणं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

या वाचनाने माझं गावही मला दुसऱ्यांदा दिलं. रत्नदुर्गावर गेलं की लोक भगवतीचं दर्शन घेतात, दीपगृहाकडे पाहतात. मी भुयाराच्या तोंडाशी रेंगाळते आणि खाली समुद्राशी पोचायला किती वेळ लागेल, मशाल तेवढी टिकेल का, याचा हिशोब करते. पूर्णगडाच्या समुद्राकडच्या दरवाजात उभं राहून मुचकुंदीच्या मुखातून रात्री शीड न उभारता गलबत कसं काढायचं ते ठरवते. जयगडाचा बुरूज उभा राहीना म्हणून जयबाने स्वतःला त्याच्या पायात गाडून घेतलं, ही आख्यायिका शास्त्रीच्या खाडीवर सगळ्यांना माहीत आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1886 साली इथे बंदी म्हणून आणला गेला आणि 1916 साली इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही खाडीकडे तोंड करून उभा आहे.

रिसबुडांना गोष्टीला रंग भरणारं काही दिसलं नाही, त्याच्या दीडशे वर्षांनंतर मी हे सगळं बघते आहे. पदच्युत राजा आहे, शापित बुरूज आहे, आंग्र्यांच्या आरमाराचा दर्या आहे, भुयार आहे. मराठीत हे घेऊन कुणी तरणाताठा लेखक किंवा लेखिका अशी अद्भुत कादंबरी लिहो, चांगली तीन भागांची, की जिच्यात जयबा बुरुजातून बोलेल, गलबतं खाडी ओलांडतील आणि दिवा कुठे ठेवलाय ते प्रत्येक पानावर कळेल. पहिला भाग मी आगाऊ नोंदवून ठेवीन, आणि पाऊस सुरू झाला की शेजारच्या पोरांना पडवीत बोलावून मोठ्याने वाचीन.