बाळूंना खेळवायचे, पण कुठे?

ताडकळसच्या शिवारात सुगी आटोपली, रान मोकळे झाले, की टेनिस बॉलचे डाव रंगू लागतात. तिथला एक नियम कुठेही लिहिलेला नाही, पण पाळतात सगळेच : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. ज्या पोराकडे स्वतःची बॅट नाही त्याने आधी बाभळीखालचा चेंडू आणायचा, मग तासभर बॉलिंग टाकायची आणि अंधार पडायच्या आत वेळ उरला तर बॅट हाती धरायची. पोरगे चांगले टाकत असेल तर उलट पंचाईतच, कारण मग त्याला बॉलिंगवरून कुणी सोडतच नाही.

गुणी पण उपऱ्या खेळाडूला संघाने कुठे वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता डावपेचाचा वाटतो. महाराष्ट्राच्या क्रिकेट-इतिहासात तो सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला आणि सुमारे तीन दशके धुमसत राहिला. त्या प्रश्नाचे नाव बाळू पालवणकर. (थ्रेड)

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला झाला. चर्मकार समाजातील कुटुंब, वडील लष्करी नोकरीत. बालपण पुण्यात गेले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात मिळाली : खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या क्लबात गेले, तेव्हा तो ४ रुपये झाला.

तिथे कामाच्या यादीत आणखी एक काम होते. सरावासाठी जाळी बांधायची आणि साहेबांना गोलंदाजी टाकायची. बाळूंची डावखुरी फिरकी इथेच घडली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी टाकायला लावत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग दर खेपेस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर हिशेब गमतीचा होतो. ४ रुपये म्हणजे ६४ आणे, म्हणजे ग्रेगना आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार दुप्पट.

शेकडो तास गोलंदाजी टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती त्या क्लबात एकदाही बॅट मात्र देण्यात आली नाही. यात नवल काही नव्हते. फलंदाजी हे सरदाराचे काम आणि गोलंदाजी हे राबणाऱ्याचे, ही वाटणी इंग्लंडातूनच जहाजात बसून आली होती. इथे आल्यावर ती जातीच्या उतरंडीत इतकी बेमालूम मिसळली की तिचे परकेपण कुणाला जाणवलेच नाही.

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्याला गोऱ्या संघाला हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज शहरात होता, पण अस्पृश्य. घ्यावा की न घ्यावा? संघातले काही तेलुगू सभासद त्याला घ्यावे या मताचे होते, स्थानिक ब्राह्मण सभासद तितके उत्सुक नव्हते. बाळूंना बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेग यांनीच वर्तमानपत्रातून सुचवल्यावर पारडे फिरले. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फलंदाजाने आपल्याला बाद करणाऱ्याची शिफारस करावी, असा प्रसंग खेळाच्या इतिहासात फारसा आढळत नाही.

बाळू संघात आले. तोडगा मात्र असा निघाला : मैदानावर एकच चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी सहकाऱ्यांना चिनी मातीचे कप आणि बाळूंना तंबूबाहेर मातीचे भांडे. जेवणाचे पानही वेगळे. बोटांना विटाळ नव्हता, माणसाला होता. ही विसंगती तेव्हाच्याही काही डोळ्यांना खुपली. न्यायमूर्ती रानड्यांच्या उपस्थितीत बाळूंचा सत्कार झाला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, असा प्रश्न त्यांनी विचारल्याचे सांगितले जाते.

साताऱ्याच्या सामन्याची गोष्ट याच काळातली. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या गोऱ्या जिमखान्याने खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला. ज्याचे आयुष्य रोलर ओढण्यात गेले त्याच्यापुढे ही युक्ती चालायची नव्हती, आणि चाललीही नाही. बाळूंनी बळी मिळवले, हिंदू जिंकले.

शतक सरता सरता बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याचे दार उघडले, तेही थोड्या कुरकुरीनंतरच. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. शिवरामही संघात होते. स्वदेशीच्या त्या दिवसांत या विजयाला खेळापलीकडचा अर्थ आला. साहेब हरू शकतो हे लोकांनी पाहिले, आणि अस्पृश्याला संघात घेतले म्हणून हरला हेही काहींनी बोलून दाखवले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व-भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच : २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव. महाराज बहुतेक काळ मेजवान्यांत गुंतलेले. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र १८.८४च्या सरासरीने ११४ बळी मिळवले. ते परतले तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

संघात घ्यावे की नाही, हा प्रश्न इथवर निकालात निघाला होता. आता त्याच्या पोटातून दुसरा निघाला. चौरंगी सामन्यांत हिंदू संघातला सर्वांत अनुभवी खेळाडू बाळूच होते. चेंडू कधी फिरेल, कोणता फलंदाज कुठे चुकेल, क्षेत्ररक्षक कुठे उभा करावा, हे त्यांच्याइतके जाणणारे फार नव्हते. मग कर्णधारपद त्यांच्याकडे का नाही? निवड समितीने या प्रश्नाला उत्तर दिले नाही, कारण तिने तो स्वतःला विचारलाच नाही. तो उघडपणे मांडला एका ब्राह्मण कर्णधाराने. आपल्या सत्कारप्रसंगी एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले, की हा मान खरे तर ज्येष्ठ सहकारी बाळू यांना मिळायला हवा होता.

हा अडथळा पुण्या-मुंबईपुरता नव्हता. मोबदला घेऊन खेळणारा इंग्लंडचा व्यावसायिक खेळाडू कितीही थोर असला तरी विसाव्या शतकात कर्णधार व्हायला लेन हटन यांचे १९५२ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तर हीच कहाणी रंगाच्या नावाने घडली. १९४६ साली जॅकी रॉबिन्सन दुय्यम लीगमध्ये माँट्रियलकडून सेकंड बेसवर खेळत होते आणि ब्रुकलिन डॉजर्सपुढे पेच होता, की या कृष्णवर्णीय खेळाडूला वरच्या संघात आणले तर उभे कुठे करायचे? त्या जागी आधीच एक पक्का खेळाडू होता. म्हणून १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन फर्स्ट बेसवर उतरले आणि पुढच्या वर्षी आपल्या जागी गेले. जागेचा पेच वर्षभरात सुटला. संघ चालवणारा कृष्णवर्णीय मॅनेजर मात्र १९७५पर्यंत दिसला नाही. तो पाहण्याची इच्छा रॉबिन्सन यांनी ऑक्टोबर १९७२मध्ये भर मैदानात बोलून दाखवली आणि नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले.

हात वापरायला समाज लवकर तयार होतो. ज्याचा शब्द इतर दहांनी ऐकायचा, त्या जागी तोच माणूस बसवायची वेळ आली की त्याला डावपेच, परंपरा, ज्येष्ठता असे सगळे आठवू लागते. आणि गंमत अशी की बाळूंच्या बाबतीत ज्येष्ठतासुद्धा त्यांच्याच बाजूने होती.

१९२० साल यासाठी महत्त्वाचे. ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, आणि वर्षअखेरीस नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनातही अस्पृश्यतेचा विषय आला. त्याच हिवाळ्यात चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडला गेला. पंचेचाळिशीच्या बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी होते, म्हणून कर्णधारपद प्रा. दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर हे मोठे फलंदाज, याबद्दल वाद नाही. पण बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल वयाने आणि अनुभवाने त्यांच्याहून वरचे होते, आणि फलंदाज म्हणून कुणाच्या मागे नव्हते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपल्या माघारीचे कारण वर्तमानपत्रांतून मांडले. डावलले जाण्यामागे खेळ नसून जात आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटले. आजच्या वाचकाला हे साधे वाटेल. १९२० साली दोन चर्मकार खेळाडूंनी उच्चवर्णीय समितीला असे जाहीर सुनावणे साधे नव्हते; हातची जागा, तीही देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतली, त्यासाठी सोडावी लागत होती. बाळूंनी आयुष्यभर जे गिळले ते भावांनी गिळले नाही.

समिती नमली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि विठ्ठल-शिवरामही आले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. १९२५ आणि १९२६ मध्येही त्यांच्याच नेतृत्वाखाली विजय मिळाला. या यशाची चर्चा पुष्कळ होते. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते : विठ्ठलांची ख्याती फलंदाज म्हणून होती. थोरल्याच्या हाती जी बॅट क्लबाने दिली नव्हती, तिच्यावर धाकट्याचे नाव झाले. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्रही मराठीत लिहिले.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३७ साली मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभूत झाले. इथेही त्यांना नेमके ‘कुठे’ उतरवायचे हे दुसऱ्या कुणी ठरवले होते का, हा प्रश्न स्वतंत्र थ्रेडचा आहे. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

चौरंगी सामन्यांच्या कर्णधारांच्या यादीत बाळू पालवणकर हे नाव नाही. १९२०च्या त्या अंतिम सामन्यात मात्र पै काही वेळ स्वतःहून मैदानाबाहेर जाऊन बसले. उपकर्णधार या नात्याने संघ बाळूंकडे आला. ज्यांच्याबरोबर बसून कधी कपातून चहा घेता आला नव्हता, त्यांना ते कुठे उभे राहायचे हे हाताने खुणावून सांगत होते.