थोरला

आमच्या घरात तंतुवाद्यं तीन. आईचा मिरजेचा तानपुरा, माझी सहा तारांची गिटार आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असलेला बेस. गिटार ‘ती’, पण बेस पहिल्या दिवसापासून ‘तो’. त्याचं नाव आईनं ठेवलं. मी खोक्यातून बाहेर काढला तेव्हा तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हा थोरला दिसतोय.” तेव्हापासून तो थोरलाच.

दिसतोही तसाच. अंगानं रुंद, कडांना काळपट, मधोमध मधासारखा पिवळा. वजन चार किलोच्या घरात, तासभर गळ्यात वागवला की डावा खांदा बोलू लागतो. गिटारीची तार साडेपंचवीस इंचांची असली तर याची चौतीस. खुंट्या मोठ्या, चपट्या, पिळायला सगळा अंगठा लागतो. अंगावर बटणं दोनच, एक आवाजाचं आणि एक टोनचं. पोटात बॅटरी नाही. आहे तो अलीकडेच बांधलेला, पण १९६२च्या वळणाचा. बांधणाऱ्यानं त्या काळातलं काहीही सोडलेलं नाही, गैरसोयीसुद्धा.

त्याचं घराणं अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचं. तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढून पुढे वाद्यांकडे वळलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये पहिला ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. तोवर खर्जाचं काम डबल बेसकडे होतं. तो माणसाहून उंच, गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि बँड जोरात वाजायला लागला की ऐकूच न येणारा. फेंडर यांनी तो खर्ज आडवा करून गळ्यात अडकवला आणि मानेवर पडदे बसवले. बोट पडद्याच्या मागं पडलं की सूर नेमका लागणार, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. विशेष म्हणजे फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी वाजवणाऱ्यांचं ऐकलं आणि त्यांची अडचण सोडवली.

१९५७ मध्ये त्यांनी पिकअपचे, म्हणजे तारांची हालचाल टिपणाऱ्या चुंबकांच्या वेटोळ्याचे, दोन तुकडे केले. खालच्या सुरांच्या दोन तारांखाली एक, वरच्या दोन तारांखाली दुसरा, एकमेकांपासून थोडे सरकवलेले. दोन्ही वेटोळी उलटसुलट जोडलेली, त्यामुळे विजेची गुणगुण एकमेकांत जिरते. आधीच्या पिकअपमध्ये तारेच्या बरोब्बर खाली एकच चुंबक असे. नव्यात प्रत्येक तारेच्या दोन्ही अंगांना एकेक चुंबक आला आणि तार त्या दोघांमध्ये डोलू लागली. त्यानं बोटाच्या आघाताची धार उतरली आणि सुराला अंग आलं. थोरल्याच्या बोलण्यातला भरीवपणा तिथून येतो.

हे सगळं मला पुढे कळलं. तो घरी आला तेव्हा मी त्याच्यावर अन्यायच केला. आल्या आल्या नव्या कोऱ्या, झगझगीत राऊंडवाऊंड तारा चढवल्या. या तारांवर गोल तारेचे वेढे असतात, बोट फिरवलं तर कानशीसारखे खरखरतात, आणि आवाज पियानोच्या तारांसारखा लखलखीत येतो. घरी एकटीनं वाजवताना मी खूश होते. जुन्या गाण्यांच्या आमच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीला त्याला घेऊन गेले. तिसऱ्या गाण्याला ढोलकीवाल्या काकांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या अँपपासून दूर, पार खिडकीशी नेऊन ठेवली. तालीम संपल्यावर ते जवळ आले, रागानं नाही, खरोखर जाणून घ्यायला. म्हणाले, “पोरी, तुझा सूर संपतो तरी कधी?”

मला उत्तर देता आलं नाही. सूर लावायचा कसा, हे मी शिकले होते. तो संपवायचाही असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही थोरल्याला कधी विचारलं नव्हतं.

काकांचं म्हणणं अगदी खरं होतं. ढोलकीच्या धुमाची, म्हणजे तिच्या खर्जाच्या तोंडाची, आणि बेसच्या खालच्या तारेची वस्ती एकाच आळीत. बेसची सर्वांत जाड तार मोकळी सोडली तर सेकंदाला एक्केचाळीस वेळा हलते. ती हलतच राहिली तर धुमाला पाय टेकायला जागा उरत नाही. मग काका जोरात वाजवणार, मी त्याहून जोरात, आणि गाणारी मधल्यामध्ये गुदमरणार.

उत्तर शोधायला मी थोरल्याच्या भाऊबंदांकडे गेले. त्यांच्यातला सगळ्यांत मोठा डेट्रॉइटचा. १९६२चाच, असाच पिवळा-काळा, जेम्स जेमरसन यांच्या हातातला. जेमरसन दक्षिण कॅरोलिनातले, १९३६चा जन्म. डेट्रॉइटला येऊन डबल बेस शिकले, मग मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत इलेक्ट्रिक बेसकडे वळले. तिथला स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गॅरेज. छतावरून इतक्या वायरी लोंबायच्या की वादक त्याला सापांचा खड्डा म्हणायचे. साठच्या दशकात त्या खोलीतून निघालेली गाणी जगभर वाजली आणि त्यांतल्या कितीतरींच्या तळाशी हा एक बेस होता. त्याच्यावरच्या तारा जाडजूड फ्लॅटवाऊंड, तुटेपर्यंत न बदललेल्या. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. ‘हुक’ म्हणायचे त्या बोटाला. जेमरसन त्या एका बोटानं अख्खी चाल विणायचे, डबल बेसवर पडलेल्या सवयीनं. १९८३ मध्ये ते गेले. त्याच्या थोडे दिवस आधी तो बेस चोरीला गेला.

मी त्या ध्वनिमुद्रणांतला एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकला. सुरुवात नाही, शेवट. सूर येतो, भरतो आणि ढोलाच्या पुढच्या ठोक्याच्या आत आपण होऊन मिटतो. त्याला कुणी दाबलेलं नसतं. बोलून झालं म्हणून तो थांबतो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या घराण्याचा चांगला टोन म्हणजे काय. तो सुराच्या सुरुवातीत नसतो, शेवटात असतो.

मग मी थोरल्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागू दिलं. आधी तारा बदलल्या. फ्लॅटवाऊंडवर गोल तारेऐवजी पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. बोट तिच्यावरून तेल लावल्यासारखं सरकतं, खरखर येत नाही. पहिला महिना तरीही त्या जरा धातूसारख्या बोलत होत्या. मी टोनचं बटण फिरवत बसले, पण खरं काम माझ्या हाताच्या घामानं आणि दिवसांनी केलं. आज त्यांना सात वर्षं झाली. बाकीच्या वाद्यांच्या तारा जुन्या झाल्या की मरतात. याच्या मुरतात.

मग फोम. जुन्या प्रिसिजनच्या घोडीवर चकचकीत धातूचं झाकण असे आणि त्याच्या आत फोमचा तुकडा चिकटवलेला असे, तारांना मागून धरून ठेवायला. वादकांनी हाताला अडचण होते म्हणून झाकणं काढून टाकली, आणि तो तुकडाही त्यांच्याबरोबर गेला. मी भांडी घासायचा नवा स्पंज आणला आणि घोडीपाशी तारांखाली बसेल अशी बोटभर पट्टी कापली. पहिली जाड झाली, सूर लाकडावर टकटक केल्यासारखा मेला. दुसरी पातळ, तिनं काहीच फरक पडेना. तिसरी तारांना जेमतेम शिवत होती, आणि तिच्यानं सूर गोल झाला.

आई बाजूला तानपुरा लावत बसली होती. तिनं दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी घोडीवर दोरा सरकवून जवारी उघडायला बघते, तू स्पंज घालून ती मिटवतेस.” मला तिचं बोलणं इतकं पटलं की हातातलं काम थांबलं. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडे तिकडे झाला की सूर उमलतो नाहीतर मिटतो. तानपुऱ्याला अखंड वाहायचं असतं, म्हणून त्याची जवारी खुली. थोरल्याला ठोक्याठोक्यानं चालायचं असतं, म्हणून त्याची जवारी बंद. दोघांचंही नशीब ठरतं ते घोडीपाशीच, एका दोऱ्यावर आणि एका चिंधीएवढ्या फोमवर.

उरलं ते हातात. घोडीजवळ छेडलं तर तो तुटक, बारीक बोलतो. मानेकडे सरकलं तर आवाज रुंद होतो, पण सुराची कड विरघळते. पिकअपच्या जरासं मानेच्या बाजूला त्याची जागा आहे, तिथं तो खरं बोलतो. एकच सूर शेजारच्या मोकळ्या तारेवरही मिळतो आणि जाड तारेवर पाचव्या पडद्यावरही. मोकळा सूर स्वच्छ, पाचव्या पडद्यावरचा घोगरा आणि जवळचा. कुठला कुठं, हे गाणं सांगतं. अँपवर मी हल्ली खर्ज वाढवत नाही, उलट थोडा मध्य वाढवते. थोरल्याचे शब्द ऐकू येतात ते मध्यातून. नुसता खर्ज वाढवला तर खोली हादरते आणि शब्द पुसले जातात. सूर संपवायचं काम मात्र डाव्या हाताचं. बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा. तार पडद्यापासून सुटते, बोटाला टेकून राहते, आणि सूर आवाज न करता निघून जातो.

त्याचे हट्टही आहेत. पावसाळा आला की मान हलते. तारांचा ताण मोठा आणि हवा दमट, मग तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि बोटं दुखायला लागतात. मानेच्या आत एक सळई असते, ती पिळून मान सरळ करायची. आजकालच्या बेसमध्ये ती वरून पिळता येते. थोरल्याच्या सळईचं तोंड जुन्या पद्धतीप्रमाणे मानेच्या खालच्या टोकाला, धडात लपलेलं. तारा सैल करायच्या, चार स्क्रू काढायचे, मान धडापासून सोडवायची, थोडीशी पिळायची, परत बसवायची, तारा लावायच्या, बघायचं. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून. जून आणि ऑक्टोबरमध्ये माझा एकेक रविवार यात जातो, आणि तो मी मनापासून देते. धडातल्या त्या खाचेत आत उघडं लाकूड दिसतं, रंग न लागलेलं. तेवढा वेळ मला तो नुसता झाड वाटतो.

तारांत घाम मुरला, स्पंज बसला, हात शिकला, त्याला वर्ष लागलं. मग एकदा तालमीत एक संथ लावणी होती. ढोलकी मोकळी बोलायची जागा तिच्यात पुष्कळ. मी पहिला सूर लावला, भरू दिला आणि काकांचा धुम पडायच्या आधी दाब सोडला. तेवढ्या रिकाम्या जागेत त्यांची थाप पडली, स्वच्छ, एकटी. दुसऱ्या आवर्तनात तसंच. तिसऱ्यात काकांनी मान वर करून माझ्याकडे नाही, थोरल्याकडे पाहिलं.

गाणं संपल्यावर ते उठले. खिडकीपाशी असलेली खुर्ची त्यांनी उचलली, माझ्या अँपला लागून ठेवली आणि ढोलकी मांडीवर घेऊन बसले.