उपमा पुरे

आपली मुलं काय शिकतात हे कळेनासं होण्याचा एक दिवस प्रत्येक आईबापाच्या आयुष्यात येतो. कुणाच्या घरी तो पाचवीच्या अपूर्णांकांबरोबर येतो, कुणाच्या घरी दहावीच्या भूमितीबरोबर. मी बँकेत कॅशियर. आकड्यांना भिणारा नव्हे. त्यामुळे आमच्याकडे तो जरा उशिरा, मुलगी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करायला परदेशी गेली तेव्हा आला. तिचा विषय 'इलेक्ट्रोमॅग्नेटिकली इंड्यूस्ड ट्रान्सपरन्सी'. शेजारचे नाना विचारायचे, "ताई काय करते हल्ली?" मी म्हणायचो, "प्रकाशावर काम करते." "म्हणजे वीज मंडळात?" त्यावर 'हो' म्हणणं सोपं पडायचं.

पण खरी अडचण नानांची नव्हती. दर रविवारच्या फोनवर आमचं संभाषण असं: "जेवलीस?" "जेवले." "थंडी?" "आहे." पोरगी दिवसाचे दहा-बारा तास ज्या खोलीत घालवते, तिचं दार आम्हांला बंद. उघडं काय, तर फक्त स्वयंपाकघर. शेवटी निवृत्तीनंतर एका रविवारी मी धीर करून म्हटलं, "तुझं काम मला समजावून सांग."

ती म्हणाली, "१९९१ साली स्टॅनफर्डच्या स्टीफन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम धातूची वाफ घेतली. एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ही वाफ अशी गिळायची, की ४८ कोटी भागांतला जेमतेम एक भाग पलीकडे पोचावा. मग त्यांनी त्याच वाफेत दुसरा लेसर सोडला. आणि पहिला प्रकाश शंभरातले ३७ भाग आरपार!"

म्हणजे एका बॅटरीचा झोत भिंतीपलीकडे न्यायचा, तर भिंतीवर दुसरी बॅटरी मारायची! मी म्हटलं, "हे का होतं?"

"असं समजा, अणूचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर माडी. दोन्ही खोल्यांतून माडीवर जिना. प्रकाश गिळला की अणू माडीवर चढतो. पहिला प्रकाश पहिल्या जिन्यानं चढवू बघतो, दुसरा दुसऱ्या जिन्यानं. दोघांनी एकदम ओढलं की अणू वर जातच नाही. मग पहिला प्रकाश गिळणार कोण?"

"कळलं!" मी म्हटलं. "आईनं माजघरातून आणि बायकोनं स्वयंपाकघरातून एकाच वेळी हाक मारली, की नवरा पेपरातून डोकं वर काढत नाही, तसं."

"जवळजवळ. पण तुमचा नवरा एका खुर्चीत बसलाय, बाबा. माझा अणू एकाच वेळी दोन्ही खोल्यांत असतो."

"मग ह्यांच्याशी काहीच साम्य नाही," आतून आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला.

"बाबा, उपमा पुरे," मुलगी म्हणाली. "उपमेनं पोट भरतं, डोकं नाही. गणित करा."

आणि तिनं मॅट्रिक्स पाठवलं. आमच्या वडिलांच्या काळी मॅट्रिक झालं की शिक्षण संपायचं. माझं साठीनंतर मॅट्रिक्सपासून सुरू झालं. तीन ओळी, तीन आकडे. पहिली ओळ ०, ०, ३. दुसरी ०, ०, ४. तिसरी ३, ४, ०. तीन हा पहिल्या प्रकाशाचा जोर, चार हा दुसऱ्याचा. शून्य म्हणजे तिथं जिना नाही. आता अणूच्या हजेरीचे असे तीन आकडे शोधायचे, की ओळीओळीनं गुणून बेरीज केली तर प्रत्येक वेळी शून्यच यावं.

दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी सापडलं: ४, उणे ३, ०. पहिल्या दोन ओळींना काही करायलाच नको. तिसरीत तीन चोक बारा, चार त्रिक बारा, मधे वजाबाकी. शून्य! आणि माडीचा आकडाही शून्य.

सगळी गंमत त्या 'उणे'त होती. कॅशियरच्या मते उणे म्हणजे आज कुणीतरी घरी उशिरा जाणार. इथं तसं नाही. खोलीतली हजेरी मोजायची तर आकड्याचा वर्ग करायचा: १६ आणि ९, एकूण २५. म्हणजे २५ पैकी ९ भाग अणू दुसऱ्या खोलीत चांगला हजर आहे. उणेपणा तिथं दिसतसुद्धा नाही. तो उगवतो दोन्ही जिने माडीच्या दारात मिळतात तिथं. एकाचं अधिक, दुसऱ्याचं उणे, हिशेब चुकता. हे माझ्या कुठल्याच उपमेत बसलं नसतं. कारण नवऱ्याला उणे हजर राहता येत नाही. आणि हे शून्य म्हणजे रिकामी तिजोरी नव्हे. दिवसभर लाखांची उलाढाल होऊन संध्याकाळी तफावत शून्य यावी, त्या जातीचं हे शून्य. त्याच्यासाठी मी पस्तीस वर्षं नोकरी केली होती.

पुढचं मग भराभर कळत गेलं. ह्या पारदर्शक चिंचोळ्या वाटेनं प्रकाशाची लहर फार सावकाश जाते. १९९९ साली लेने हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत सोडियमच्या अणूंतून ती सेकंदाला १७ मीटरनं चालवली. म्हणजे ताशी ६१ किलोमीटर, रिकाम्या रस्त्यावरच्या बसइतकी. २००१ साली तर अमेरिकेतल्या दोन गटांनी प्रकाशाचा ठसा अणूंत ठेवून घेतला आणि थोड्या वेळानं परत सोडला. मुदत ठेवच, फक्त बिनव्याजी.

परवा मुलीनं मला परीक्षा घातली. "दुसऱ्याचा जोर ४ ऐवजी ४० केला तर?" मी कागदावर मांडलं: ४०, उणे ३, ०. हजेरी १६०९ भागांत, त्यातले दुसऱ्या खोलीत फक्त ९.

"एवढंसंच!" मी म्हटलं.

"एवढंसंच," ती म्हणाली. "पण ते नसेल तर आरपार काही दिसत नाही." मग आम्ही त्या नऊ भागांवर पाऊण तास बोललो.

फोन ठेवल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "एवढ्या गप्पा मारल्यात, पोरगी जेवली का, ते विचारलंत?"

"विचारलं."

"काय जेवली?"

"उपमा."