समीकरणाकडून फलनाकडे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे ही मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक महाविद्यालये. इलिनॉयमधील १९०१ साली स्थापन झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज त्यांतले सर्वांत जुने. वर्गात नुकती शाळा संपवलेली मुले असतात, तशीच नोकरी करून संध्याकाळी येणारी प्रौढ माणसेही. ‘कॉलेज अल्जिब्रा’ हा तिथला एका सत्राचा विषय. त्यातील बहुपदी, वर्गसमीकरणे, लॉगॅरिदम हा भाग महाराष्ट्रातील विद्यार्थी नववी ते अकरावीत शिकतो.

खरी अडचण फलनाची, म्हणजे फंक्शनची. शाळेत क्ष ही शोधून काढायची संख्या असते. ती सापडली की गणित संपते. फलनात क्ष बदलता राहतो आणि त्याच्या प्रत्येक किमतीला नेमकी एक किंमत जोडून देणारा नियम हाच अभ्यासाचा विषय होतो. फ(क्ष) ही मांडणी ऑयलरची, १७३४ ची. नवखा विद्यार्थी ती ‘फ गुणिले क्ष’ अशी वाचतो, आणि मग फ(क्ष+२) व फ(क्ष)+२ यांतला फरक त्याला जाणवत नाही. फलन वर्गाचे आणि क्ष ३ असेल, तर पहिल्याची किंमत २५ येते, दुसऱ्याची ११.

आलेख सरकवताना हीच अडचण पुन्हा उभी राहते. (क्ष−३)² चा आलेख क्ष² च्या आलेखाच्या उजवीकडे तीन एककांवर असतो. वजाचे चिन्ह पाहून बहुतेक जण तो डावीकडे काढतात. पण कंसाची किंमत शून्य व्हायला आता क्ष ३ असावा लागतो, म्हणून शिरोबिंदू तिथे जातो. हे कारण न सांगता ‘वजा म्हणजे उजवीकडे’ असे घोकून घेणे हा वाईट अध्यापनाचा नमुना होय.

लॉगॅरिदम हे घातांकी फलनाचे व्यस्त फलन. दरसाल ५ टक्के चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागेल, या प्रश्नात अज्ञात संख्या घातांकात अडकलेली असते. ती लॉगॅरिदमनेच सुटी होते. उत्तर सुमारे १४.२ वर्षे.

पूर्वी प्रवेशचाचणीत कमी पडलेल्यांना या विषयाआधी पूरक अभ्यासक्रमांच्या पायऱ्या चढाव्या लागत. त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जात नसत आणि अनेकांचे शिक्षण तिथेच सुटे. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या ‘एबी ७०५’ कायद्याने या पायऱ्यांना आळा घातला; आता मूळ विषयासोबतच जादा तासांची मदत देण्यावर भर असतो. परिचर्या किंवा समाजशास्त्राकडे जाणाऱ्यांना बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र घेता येते, आणि त्यांच्यासाठी ते अधिक उपयोगाचेही आहे. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांना मात्र फलनात फलन घालून संयुक्त फलन बनवण्याचा भरपूर सराव हवा, कारण कलनातील साखळी नियम त्यावरच उभा असतो.