निवडून काढलेले त्रिकोण

सोनं पिवळं असतं, हे डोळ्यांना दिसेल एवढ्या तुकड्यापुरतंच खरं. तेच सोनं पंधरा-वीस नॅनोमीटरचे गोल कण होऊन पाण्यात पसरलं, की द्रावण लालभडक दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ साली या लाल द्रावणांचा अभ्यास मांडला होता. गोळ्यांऐवजी चपटे त्रिकोण झाले, की तेच सोनं अवरक्त प्रकाशही भरपूर शोषू लागतं. धातू एकच, पण गुण आकारावर. हा आकार आपल्या मुठीत आहे, असं मी धरून चालले आणि रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये बरंच सोनं वाया घालवलं.

सुरुवात पुण्याच्या एका शोधनिबंधामुळे झाली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ साली ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये दाखवून दिलं होतं, की गवती चहाच्या पातीचा काढा सोन्याच्या क्षारात घातला तर साध्या तापमानाला पातळ, चपटे त्रिकोण मोठ्या प्रमाणात मिळतात. गवती चहा तर आमच्या मागीलदारी. म्हटलं, हे आपल्याला सहज जमेल.

पहिली चूक पावसाळ्याने करवून घेतली. क्लोरोऑरिक ॲसिड हवेतली ओल अधाशासारखं ओढतं, आणि मी भर जुलैत कुपी उघडून वजन करायला बसले. काट्यावरचे शेवटचे आकडे डोळ्यांदेखत वर सरकत होते. स्टीलचा स्पॅच्युला काळा पडला, कारण लोखंडाने तिथल्या तिथे सोनं बाहेर काढलं होतं. काट्यावरच्या त्या सरकत्या आकड्यांतलाच एक मी वहीत उतरवला. म्हणजे वहीतली संहती एक आणि बाटलीतली दुसरीच. अख्खी कुपी एकदम पाण्यात विरघळवून साठ्याचं द्रावण करून ठेवावं, हे शहाणपण नंतर आलं.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे, कारण तिला हवामान जबाबदार नव्हतं. आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. नमुना घेऊन कोकण रेल्वेने मुंबईला जायचं आणि मिळालेल्या वेळेत फोटो काढून घ्यायचे. यंत्रावरच्या मुलाने विचारलं, “मॅडम, कुठला भाग घेऊ?” मी म्हटलं, “त्रिकोण दिसतायत तिथला घ्या.” धारदार कडांचे, सुबक त्रिकोण असलेला कोपरा त्याने शोधून दिला. तो फोटो विभागाच्या भिंतीवर लागला आणि पुढे जिथे बोलले तिथे मी तोच दाखवला. आमच्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आलेख मात्र वेगळं सांगत होता. अवरक्ताकडे त्रिकोणांचा उंचवटा होता, पण ५४० नॅनोमीटरच्या आसपास गोल कणांचं शिखर त्याहून ठसठशीत होतं. मला फोटो आवडला होता, म्हणून आलेखाकडे काणाडोळा केला.

त्याची किंमत दुसऱ्या सत्रात मोजली. त्रिकोण येईनासे झाले. मी आधी पातीला दोष दिला, मग पावसाला, मग काढा उकळणाऱ्या विद्यार्थिनीला. ती बिचारी गप्प राहिली. ठरल्याप्रमाणेच करत होती, हे तिची वही नीट वाचल्यावर कळलं. तोडगा लॅबच्या मामांनी सहज बोलता बोलता दिला. “एस.वाय.चं आयोडीनचं प्रॅक्टिकल चालू आहे ना, पिपेटी त्यातल्याच घेताय तुम्ही.” आयोडीनच्या द्रावणातलं पोटॅशियम आयोडाईड! शास्त्रींच्याच गटाचा २००६ चा निबंध माझ्या कपाटात होता: क्लोराईडमुळे त्रिकोण वाढतात, आयोडाईडमुळे बिघडतात आणि गोल कणांचे पुंजके होतात. सोन्याच्या काड्या बनवणाऱ्यांनाही याच आयोडाईडने छळलं होतं. त्यांच्या सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या काही बाटल्यांत ते अशुद्धी म्हणून निघालं आणि काड्यांच्या जागी गोळे मिळत होते. हे सगळं मी वाचलेलं होतं. आपल्या पिपेटशी त्याचा संबंध लावला नव्हता, एवढंच.

मग तीन फ्लास्क लावले. एक अम्लराजाने धुतलेला, एक त्याच सामायिक काचसामानातला, आणि एक धुतलेलाच, पण मुद्दाम आयोडाईडचा अंश घातलेला. पहिल्यात अवरक्ताकडचा उंचवटा परत आला. उरलेल्या दोघांचे आलेख सख्ख्या भावंडांसारखे निघाले. विद्यार्थिनीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोरच.

आता नॅनोकणांच्या पिपेटी वेगळ्या, कुलपात. मायक्रोस्कोपवर जाण्याआधी नमुना ठेवायच्या ग्रिडच्या कुठल्या चौकटींचे फोटो घ्यायचे ते कागदावर लिहून नेते, आणि चौकटीत येईल तो प्रत्येक कण मोजायचा: त्रिकोण, षटकोन, गोळा, तुटका तुकडाही. पहिल्याच मोजणीत त्रिकोणांचा वाटा भिंतीवरच्या फोटोच्या मानाने फारच कमी भरला. फोटो उतरवून तिथे मोजणीचा तक्ता लावला. तो दिसायला रटाळ आहे. पण माझ्याकडे तो पहिल्या दिवसापासून असता, तर त्रिकोण नेमके कधी घटायला लागले ते तारखेसह कळलं असतं आणि एस.वाय.च्या वेळापत्रकाशी ती तारीख जुळवायला एक दुपार पुरली असती.