कसाऱ्याच्या घाटात

कल्याणहून नाशिकला भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा आमच्या व्हॅनचे इंजिन नुकतेच दुसऱ्यांदा दुरुस्त होऊन आले होते. व्हॅन सेकंडहँड, पण शाळेची मुले ने-आण करून आमची चूल तीच पेटवते. डीलरकडे दोन्ही वेळा हेड गॅस्केट बदलले. दुसऱ्या बिलात भिशीचे सगळे पैसे गेले. शाळेच्या फेऱ्या जवळच्या, त्यात दोष कळत नसे.

शहापूर, खर्डी मागे पडले. कसाऱ्यापासून रस्ता चढू लागतो, तशी रेल्वेही. हा रेल्वेचा घाट १८६५ साली खुला झाला. ३७ फुटांना एक फूट चढ! म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सुटतात. हे पोरांना सांगत होतो, तोच काटा लाल रेघेवर गेला आणि वाफ निघाली.

"बाबा, आपल्याला बँकर कुठला?" थोरला म्हणाला. आम्हाला हसू आले नाही.

चाकांना दगड लावले. आदिवासी बाया पानाच्या द्रोणात करवंदे विकत होत्या, ती पोरांना घेऊन दिली. रेडिएटरचे झाकण उघडणार, एवढ्यात एका ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "हात लावू नका! उकळते पाणी तोंडावर येईल."

अर्ध्या तासाने त्यानेच फडक्याने झाकण उघडले. आतले रबर चिरलेले, स्प्रिंग ढिली.

"वहिनी, कुकरचं रबर गेलं तर काय होतं?"

"वाफ धरत नाही."

"तेच. दाब राहिला तर पाणी उशिरा उकळतं. इथं दाबच नाही. पाणी उकळून बाहेर जातं, इंजिन तापतं, मग गॅस्केट जळतं."

म्हणजे जळलेले दोनदा बदलले, ते का जळते हे कोणी पाहिलेच नाही. भल्या माणसाने पैसे घेतले नाहीत, नुसते आमच्या थर्मासमधला चहा घेतला. पाणी भरून, थांबत थांबत इगतपुरी गाठली. नवे झाकण दोनशेच्या आत मिळाले. लग्न मात्र हुकले, पंगत उठता उठता पोचलो.

परतल्यावर जुने झाकण घेऊन डीलरकडे गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "झाकणाची तक्रार तुम्ही लिहून दिली नव्हती." काढलेली गॅस्केटे मागितली, तर ती भंगारात गेलेली. आता गाडी टाकतानाच कागदावर लिहून देतो: जुने पार्ट परत हवेत.