पाहुण्यांशिवाय या

आर्वी, जि. वर्धा
चैत्र

श्रीमती साफसफाईबाई यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमची बैठकीची खोली मोकळी झाली. मागच्या आठवड्यात दारात गाडी लागली आणि कापूस जिनिंगला गेला. दिवाळीच्या सुमारास आलेला पहिला वेचा कोपऱ्यात टाकला होता. पुढचे वेचे त्यावर पडत गेले आणि संक्रांतीपर्यंत ढीग खिडकीच्या वर चढला. २०२२ साली कापसाने क्विंटलला १० हजारांचा आकडा ओलांडला होता. तो आकडा आमच्या ह्यांच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. तेव्हापासून दर हंगामात एकच पालुपद, "अजून थोडं थांबू." थांबलं की कापूस वाळतो, वजन घटतं आणि घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते. धाकटा रात्री झोपेतच पाय खाजवतो. डॉक्टर मलम लिहून देतात. भाव काही त्यांना लिहून देता येत नाही.

आता खोलीत सरकी, धूळ आणि जळमटं एवढंच उरलंय. जळमटांना रुई चिकटून त्यांच्या जाड पांढऱ्या दोऱ्या झाल्यात. पंखा लावला की त्या हलतात, आणि मला तुमची आठवण येते.

पण बाई, आठवणीसोबत रागही येतो, तो आज लिहून टाकते. एवढ्या वर्षांच्या ओळखीत तुम्ही माझ्यासाठी म्हणून एकदा तरी आलात का? भादव्यात येता, कारण महालक्ष्म्या बसणार. दसऱ्याला येता, कारण शस्त्रं आणि गाड्या पुजायच्या. दिवाळीत तर तुमचा मुक्कामच असतो, कारण लक्ष्मी येणार आणि तिच्या मागोमाग नागपूरची नणंद. नणंदेची मुलगी दाखवायची होती तेव्हा तर तुम्ही एका रात्रीत येऊन परसातल्या पऱ्हाट्यांचा ढीगसुद्धा हलवून गेलात. त्याखालून विंचू निघाले. माझी मुलं त्याच ढिगाशेजारी खेळायची, तेव्हा कुठं होता?

शिवाय तुम्ही येता ते बायकांच्या मनगटात. माझ्या आईकडे चुन्याचा ड्रम आदल्या रात्री भिजायचा. फक्की पाण्यात पडली की ड्रम खदखदायचा आणि आम्हा पोरांना जवळ जायची बंदी असायची. सकाळी त्यात नीळ पडायची, आणि कुंचा आईच्या हाती. मग शेणाचं सारवण, मग गुंड, गंज, कोपर चिंच-राखेनं घासणं. पुरुषमंडळींचा वाटा तान्ह्या पोळ्याच्या पहाटेचा. सगळी रोगराई घेऊन जा म्हणून मारबतीच्या नावानं ओरडायचं, पळसाच्या फांद्यांचे मेढे गावाबाहेर टाकायचे आणि घरी येऊन चहा मागायचा. ओरडून जे जात नाही ते आम्ही झाडतो.

यावर आमचे हे भिंतीवरच्या गाडगेबाबांच्या फोटोकडे बोट दाखवतात. नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावात १८७६ साली जन्मलेले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडायचे. म्हणजे पुरुषांनीही तुमची सेवा केली आहे, असं ह्यांचं म्हणणं. मान्य. म्हणूनच दर दिवाळीत त्या फोटोची काच पुसण्याचं काम मी ह्यांच्याकडे ठेवलंय. तेवढं झालं की हे थकतात.

माझ्या लहानपणी आम्हाला सेवाग्रामला नेलं होतं. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, खाली चटई, मोजकं सामान. सगळे हात जोडून गप्प. आई तेवढी कानाशी पुटपुटली, "ह्या माणसाची आवराआवर अर्ध्या घंट्यात होत असन." तिनं ते निव्वळ हेव्यानं म्हटलं होतं, आणि त्या हेव्याचं मोल मला आत्ता कळतंय.

कारण खरं सांगते, तुमचं देणं मोठं आहे. त्याची पोच कधी दिली नाही, ती आज देते. कूलरचंच बघा. आमच्याकडे उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. गेल्या साली खसच्या ताट्या बदलल्या आणि टाकी नुसती पाण्यानं विसळून भरायला लागले, तेव्हा शेजारच्या आशाताईंनी हात धरला. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. पाणी आटलं तरी ती महिनोन्महिने मरत नाहीत आणि पाणी भरलं की फुटतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून टाकी ब्रशनं घासायची, आणि पुढे दर आठवड्याला रिकामी करून कोरडी करायची. गाद्या गच्चीवर टाकायलाही हाच महिना. आर्वीचं ऊन एरवी शिव्या खातं, पण त्यात तापलेल्या गादीवर त्या रात्री झोप वेगळीच लागते.

सासऱ्यांची पत्र्याची ट्रंकही यंदा उघडली. जुनी काटापट्टी, सोसायटीच्या पावत्या, आणि पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट. ज्या गाडीनं इथल्या कापसाच्या गाठी बाहेर नेल्या ती केव्हाच बंद पडली. पावत्या फाडल्या. तिकीट हातात घेऊन आम्ही दोघं बराच वेळ बसलो, कापूस गेलेल्या त्या खोलीत, खाली फरशीवर. कित्येक महिन्यांत त्या खोलीत असे बसलो नव्हतो. काय ठेवायचं, काय काढायचं हे घरातल्या माणसांनी मिळून ठरवण्याची ती वेळ होती. कोणी येणार म्हणून घाईनं माळ्यावर कोंबलं असतं, तर ही वेळ आलीच नसती.

तर विनंती एवढीच. अक्षय तृतीयेच्या आत एका रविवारी या. त्या दिवशी सण नाही, पाहुणे नाहीत, कोणाला काही दाखवायचं नाही. पुरणाचं जेवण मिळणार नाही; भाकरी, ठेचा आणि कैरीचं पन्हं मिळेल. माळ्यावरची पोती उतरवू, डाळीचे डबे उन्हात ठेवू, जळमटं काढू. मग त्या मोकळ्या खोलीत मी दुपारभर आडवी होणार आहे. मला उठवायचं नाही.

कळावे, लोभ आहेच, पण यंदा अटीवर आहे.

आपली,
आर्वीची एक जुनी ओळखीची

ता. क. शिडी काढून ठेवली आहे. हे चढणार आहेत, मी धरणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.